संगणक सुरू होत नाही, तेव्हा



२०२४ च्या जुलै महिन्यात एके दिवशी संध्याकाळी आपल्या अभ्यासिकेतील संगणक सुरू झाला नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती. सहा विद्यार्थ्यांचे दाखले स्कॅन करून त्यातच ठेवलेले होते. शिवाय सभासदांची यादी आणि नऊ वर्षांचे वर्गणीचे हिशेबही त्यातच होते, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. हे लिहिताना आम्हांस आजही संकोच वाटतो. दुरुस्तीसाठी ज्यांना बोलाविले त्यांनी पेटी न उघडताच, 'मदरबोर्ड गेला आहे, साडेसहा हजार लागतील, आतल्या माहितीची खात्री देता येत नाही,' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच संगणक, त्याच मदरबोर्डवर, तीस-चाळीस रुपयांचा एक सेल बदलून सुरू झाला. हे कसे घडले ते सर्वांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, समजावे म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'संगणक सुरू होत नाही' ही एक तक्रार नसून त्या चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत. कळ दाबल्यावर काहीच न होणे ही एक. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, ही दुसरी. पडद्यावर पांढरी अक्षरे येऊन तेथेच थांबतात, ही तिसरी. विंडोजचे चिन्ह येते आणि गोल फिरत राहते किंवा निळा पडदा येतो, ही चौथी. दवाखान्यात जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हटले तर डॉक्टर काय औषध देणार ? तेव्हा संगणक कोठपर्यंत पोहोचला आणि कोठे अडला, हे आधी पाहावयाचे. त्यासाठी तो सुरू होताना आत काय घडते ते थोडक्यात माहीत हवे.

कळ दाबल्यापासून काय घडते ?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. संगणकाच्या भागांना ती चालत नाही. पेटीत मागच्या बाजूस पंखा असलेला जो लोखंडी डबा असतो, तो एस.एम.पी.एस. ही वीज १२, ५ व ३.३ व्होल्टच्या सरळ प्रवाहात बदलून देतो. संगणक बंद दिसत असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत हा डबा ५ व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला देतच असतो. १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आली, तेव्हापासून पुढची कळ म्हणजे विजेचे बटण राहिले नसून मदरबोर्डला 'ऊठ' असे सांगणारी नुसती खूण झाली आहे. म्हणूनच पेटी उघडण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढून ठेवली पाहिजे. पुढची कळ बंद असणे पुरेसे नाही.

एस.एम.पी.एस.ने दिलेली वीज स्थिर झाली की तो मदरबोर्डला तशी खबर देतो. याला साधारण अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ लागतो. ही खबर मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो आणि मदरबोर्डवरील बायोस नावाचा छोटा कार्यक्रम वाचतो. बायोस प्रथम स्वतःची, मग रॅमची, मग चित्र दाखविणाऱ्या भागाची तपासणी करतो. या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला त्यातही ती होती. पोस्ट पार पडली की बायोस डिस्क शोधतो आणि तिच्यावरील विंडोज किंवा लिनक्स यांच्या हाती कारभार सोपवितो. वीज, पोस्ट, डिस्क, विंडोज असा हा क्रम आहे. पुढची पायरी चालावयाची तर मागची झालेली असावीच लागते. पडद्यावर एक अक्षर जरी उमटले तरी वीज, प्रोसेसर आणि रॅम आपापले काम करीत आहेत असे धरण्यास हरकत नाही.

त्याच आठवड्यात, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ते सुमारे ८५ लाख होते. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. 'आपलाही त्यातलाच,' असे अभ्यासिकेतील एक विद्यार्थी म्हणाला. ते संगणक मात्र शेवटच्या पायरीवर अडले होते. त्यांची वीज, रॅम, डिस्क सर्व ठीक होते. सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल काढली की ते चालू होत. आपल्या पडद्यावर तर निळा काय, कोणताच रंग नव्हता. आणि त्या कंपनीचा कार्यक्रम आपल्याकडे कधी घातलाच नव्हता.

काहीच होत नसेल तर

हा प्रकार दिसतो भयंकर, पण बहुधा सर्वांत सोपा असतो. ज्या सॉकेटवर संगणक आहे त्यावर टेबललॅम्प लावून पाहावा. मध्ये यू.पी.एस. असेल तर तो वगळून संगणक थेट भिंतीवर लावून पाहावा. यू.पी.एस.मधील बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि असा थकलेला यू.पी.एस. कित्येकदा चांगल्या संगणकाला 'मेलेला' ठरवितो. मागची जाड वायर घट्ट बसली आहे का, एस.एम.पी.एस.वरील छोटे बटण कोणी झाडताना बंद केले नाही ना, हेही पाहावे. एवढे करून काही होत नसेल तर वायर काढून, पुढची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. मग पुन्हा लावून पाहावे. पुढची कळच खराब असण्याचाही संभव असतो. तिच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवरील ज्या दोन पिनांवर बसतात, त्या पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि संगणक उठला, तर दोष कळीचा समजावा.

एस.एम.पी.एस.चा डबा मात्र कोणीही उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. जळका वास आला, धूर दिसला किंवा पेटीवर पाणी गळालेले असले तर पुन्हा कळ दाबून पाहण्याचा मोह टाळावा. आणि पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो संगणकाचा दोष नसून बहुधा सॉकेटला अर्थिंग नसल्याची ती खूण असते. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्यावे.

पंखा फिरतो, पडदा काळा

आमचे गाडे येथेच अडले होते, म्हणून या भागावर जरा सविस्तर लिहितो.

आधी मॉनिटर. त्याच्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येत असतील तर मॉनिटर जिवंत आहे, त्याला वरून काही मिळत नाही एवढाच त्याचा अर्थ. वायरची दोन्ही टोके काढून पुन्हा बसवावीत. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच लावलेली असावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी एफ हे अक्षर असते, त्यांच्यात चित्र दाखविण्याची सोयच नसते. तेथे मदरबोर्डच्या जागेत वायर लावून कितीही वाट पाहिली तरी पडदा काळाच राहणार.

यानंतरची परीक्षा आमच्या एका विद्यार्थिनीने केली. ती तेव्हा बारावीत शिकत होती. तिने कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहिली. पोस्ट पार पडून संगणक पुढे गेलेला असेल तर त्या कळीचा दिवा लागतो आणि विझतो. म्हणजे संगणक चालू आहे, फक्त चित्र येत नाही. दिवा हलत नसेल तर संगणक पोस्टमध्येच अडला आहे. आपला दिवा हलला नाही. तिने वहीत लिहिले : 'पंखा फिरतो. हिरवा दिवा लागतो. कॅप्स लॉक हलत नाही. आवाज नाही.' दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी नेमके हेच पाहिले नव्हते.

आता 'आवाज नाही' यासंबंधी. पोस्ट अडली की बायोस पेटीतील छोट्या भोंग्यातून खुणेचे आवाज काढतो. एकच आखूड 'बीप' म्हणजे बहुधा सर्व ठीक. पुढचे आवाज बायोस बनविणाऱ्यागणिक वेगळे असतात. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड म्हणजे चित्राच्या भागात दोष, आणि थांबून थांबून येणारे लांब आवाज म्हणजे रॅममध्ये दोष. मदरबोर्डची पुस्तिका असेल तर तीत हे कोष्टक असते. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर भोंग्याऐवजी सी.पी.यू., डीरॅम, व्ही.जी.ए., बूट अशी नावे घातलेले चार बारीक दिवे असतात, आणि ज्या पायरीवर अडले तो दिवा लागून राहतो. आपल्या संगणकात दिवेही नव्हते आणि भोंगाही नव्हता. पेटी जोडणाऱ्याने तो बसविलाच नव्हता. भंगारात काढलेल्या एका जुन्या पेटीतील भोंगा काढून आम्ही पिनांवर लावला. कळ दाबताच लांब आवाज येऊ लागले, थांबून थांबून. ज्याला आदल्या रात्री मेलेला ठरविले होते तो संगणक 'माझी रॅम पाहा' असे सांगत होता, त्याला तोंड तेवढे नव्हते.

पावसाळ्यातील दमट हवा आणि धूळ यांमुळे रॅमच्या पट्टीवरील सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो व संपर्क तुटतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हा दोष पुष्कळ आढळतो. उपाय असा. वायर काढावी. पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. खाचेच्या टोकाच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढावी, कडेने धरावी, सोनेरी भागाला बोट लावू नये. सुती फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे व वाळू द्यावे. मऊ पांढऱ्या खोडरबरनेही अनेकजण पुसतात. चालते, पण हलक्या हाताने, कारण सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो, आणि रबराचा भुसा खाचेत जाऊ देऊ नये. खाच ब्रशने झाडावी. पट्टी परत बसविताना मधला खाचा जुळवून दोन्ही बाजूंनी सारखे दाबावे, खिटी 'कट्' असा आवाज करून बसली पाहिजे. अर्धवट बसलेली पट्टी हेही काळ्या पडद्याचे नेहमीचे कारण आहे.

दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून पाहावी. आपल्या दोनांपैकी पहिलीने पुन्हा तेच लांब आवाज दिले. दुसरी लावली तेव्हा एकच आखूड 'बीप' झाला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. टाळ्या वाजल्या. पहिली पट्टी पुसून दुसऱ्या खाचेत लावली तर तीही चालली. डीडीआर ५ जातीची रॅम असलेल्या नव्या संगणकांत पट्ट्या काढून घातल्यावर पहिल्या वेळी काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. ती रॅमची जुळणी चाललेली असते. घाईने बंद करू नये.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. एका वेळी एकच बदल करावा व दर वेळी कळ दाबून पाहावे. आम्हांला घाई होती. रॅम, वायरी, सेल सारे एकदमच काढून घालावे असे दोघा-तिघांचे म्हणणे होते. तसे केले असते तर पुढे जे घडले त्याने आम्ही पुरते गोंधळलो असतो.

सेल आणि त्याने पुसलेल्या खुणा

अक्षरे उमटली ती अशी की, सीमॉसमधील नोंदी चुकल्या आहेत, पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा. तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक सी.आर. २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास व ३.२ मिलिमीटर जाडी. तो ३ व्होल्टचा. भिंतीवरचे बटण बंद असताना घड्याळ चालविणे व बायोसमध्ये आपण केलेल्या निवडी टिकविणे ही कामे तो करतो. बटण चालू असताना एस.एम.पी.एस.ची ती बारीक धारच हे काम सांभाळते व सेलची झीज वाचते. आपण अभ्यासिकेचे मेन स्विच रोज रात्री बंद करतो. ते योग्यच आहे, पण त्यामुळे सेल लवकर संपतो हेही खरे. मीटरवर तो अडीच व्होल्टही दाखवीत नव्हता. नवा बसविला, सपाट बाजू वर ठेवून.

तारीख चुकीची राहिली तर आणखी एक त्रास होतो. ब्राउझर संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे तारखेवरून पडताळतो. संगणकात साल मागचे असेल तर अर्जाचे संकेतस्थळ उघडतच नाही, आणि विद्यार्थी इंटरनेटला दोष देत बसतात.

सेल बदलला, तारीख घातली, आणि पुढचा अडथळा आला : 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. खोलीत शांतता पसरली. 'माहिती गेली,' असे कोणीतरी हळूच म्हणाले. अशा वेळी प्रथम लावलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा. जुन्या काळी विसरलेली फ्लॉपी हाच घोळ घालीत असे. मग बायोसमध्ये शिरून डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल तर डिस्कच्या दोन्ही वायरी, डेटाची व विजेची, काढून लावाव्यात. आपल्या डिस्कचे नाव दिसत होते. म्हणजे डिस्क जिवंत होती, फक्त संगणक तिला ओळख देत नव्हता. सेल संपल्याने बायोसमधील निवडी मूळ स्थितीस गेल्या होत्या. आपले विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने घातलेले, आणि बायोसची मूळ निवड यूईएफआय या नव्या पद्धतीची. ती बदलून, नोंद जतन करून बाहेर पडलो. दोन मिनिटांत विंडोज उघडले. एका दोषामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा दडला होता, आणि तिसरा तर दोषही नव्हता.

नवीन संगणकांत बायोसला हात लावण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. अनेक ठिकाणी विंडोज डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप आपोआप घालते, आणि बायोसमध्ये बदल झाला की ४८ आकडी किल्ली मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. ती किल्ली हरवली तर चांगल्या डिस्कवरील माहितीही हाती लागत नाही.

विंडोजपर्यंत येऊन अडत असेल तर भागांचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. विंडोज १० व ११ मध्ये सुरू होताना लागोपाठ दोन-तीन वेळा खंड पडला तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून सेफ मोडमध्ये जाऊन शेवटी घातलेला कार्यक्रम काढता येतो. 'फॉरमॅट मारावा लागेल' असे कोणी म्हणाले तर आधी माहिती काढून घ्यावी. लिनक्स घातलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, किंवा डिस्क काढून यूएसबीच्या वायरने दुसऱ्या संगणकास जोडून ती घेता येते. मदरबोर्ड खरोखरच गेला तरी डिस्कवरील माहिती सहसा जात नाही, कारण ती मदरबोर्डवर नसतेच. मात्र डिस्कमधून 'टक्-टक्' असा आवाज येत असेल तर लगेच बंद करावे. अशी डिस्क चालू ठेवणे म्हणजे उरलेली माहितीही गमावणे होय.

मदरबोर्ड कधीच जात नाही असे आमचे म्हणणे नाही. कपॅसिटरची टोपी फुगलेली किंवा फुटलेली दिसली, कोठे काळा डाग दिसला, किंवा दुसरा चांगला एस.एम.पी.एस. व चांगली रॅम लावूनही आवाज वा दिवा काही येत नाही, तर जाणकाराकडे द्यावे व योग्य तो मोबदला द्यावा. देताना मात्र 'चालत नाही' एवढेच सांगू नये. त्या विद्यार्थिनीच्या वहीसारख्या चार ओळी लिहून द्याव्यात आणि बदललेला जुना भाग परत मागावा. पेटी दुकानात ठेवावयाची असल्यास शक्य तर डिस्क काढून घरी ठेवावी.

सहाही अर्ज दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत भरून झाले. हिशेब व यादी यांच्या आता दोन प्रती आहेत, एक पेन ड्राइव्हवर, कोषाध्यक्षांच्या कपाटात, आणि एक बाहेरच्या डिस्कवर. पेटीच्या आतल्या बाजूस त्या विद्यार्थिनीने कागदाची एक पट्टी चिकटविली आहे. तीवर सेल बदलल्याची तारीख, बायोसमधील ती लेगसीची निवड आणि रॅमच्या पट्ट्या कोणत्या खाचांत आहेत ते लिहिले आहे. जे यानंतर पेटी उघडतील त्यांनी आपली नोंद तिच्याखाली करावी. जागा ठेवलेली आहे.